हिमोफिलियाच्या नव्या औषधाविषयीचे संशोधन कसे वाचावे

हिमोफिलिया, म्हणजे रक्त गोठवणारे एखादे प्रथिन (फॅक्टर) कमी असल्याने रक्तस्राव लवकर न थांबण्याचा आजार, असलेल्या मुलाच्या घरी हल्ली दर काही महिन्यांनी एखादी आशादायक बातमी येऊन पोहोचते. ती कधी वर्तमानपत्रातील चौकट असते, कधी नातेवाइकांनी पुढे पाठवलेला संदेश असतो, आणि त्यात 'रक्तस्राव ९६ टक्क्यांनी कमी' किंवा 'एकदाच उपचार, मग फॅक्टरची गरज नाही' अशा स्वरूपाचे वाक्य असते. या बातम्यांमागे बहुतेक वेळा खरे आणि चांगले संशोधन असते. अडचण अशी की तो आकडा कोणत्या रुग्णांविषयी आहे, कोणाशी तुलना करून काढला आहे आणि किती काळाचा आहे, हे बातमीत क्वचितच सांगितलेले असते. त्यामुळे एकीकडे घरात नको तेवढी आशा निर्माण होते, आणि दुसरीकडे खरोखर उपयोगी ठरेल असे औषध 'या बातम्या अशाच येतात' म्हणून दुर्लक्षित राहते. मूळ संशोधन वाचण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. काय शोधायचे हे माहीत असेल आणि थोडा वेळ द्यायची तयारी असेल, तर पालकांना आणि रुग्णांना त्यातील महत्त्वाचा भाग नक्की समजतो. औषध बदलण्याचा निर्णय मात्र रक्तविकारतज्ज्ञांसोबतच घ्यायचा असतो. खालील पद्धत त्या भेटीची तयारी करण्यासाठी आहे.

आधी स्वतःची फाइल

संशोधनाचा पहिला परिच्छेद वाचण्याआधी रुग्णाची फाइल समोर ठेवावी. हिमोफिलिया ए की बी, म्हणजे फॅक्टर ८ कमी आहे की फॅक्टर ९, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. उदाहरणार्थ, एमिसिझुमॅब हे औषध फॅक्टर ८ चे काम दुसऱ्या मार्गाने करते. ते सक्रिय झालेला फॅक्टर ९ आणि फॅक्टर १० यांना एकत्र आणते, म्हणून ते हिमोफिलिया ए मध्ये चालते आणि बी मध्ये त्याचा उपयोग नाही. एवढी एकच गोष्ट माहीत असली तरी निम्म्या बातम्या आपल्यासाठी आहेत की नाहीत हे लगेच ठरते.

त्यानंतर फॅक्टरची पातळी पाहावी. ती १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम, आणि ५ पासून ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सौम्य समजला जातो. नव्या औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्या तीव्र रुग्णांवर झालेल्या आहेत. तिसरी नोंद इन्हिबिटरची असावी. बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना इन्हिबिटर म्हणतात आणि ते बेथेस्डा एककांत मोजतात. ५ एककांहून अधिक पातळी कधी नोंदली गेली असेल, तर तारखेसह तो अहवाल जपून ठेवावा. रुग्णाचे चालू वजनही लिहून ठेवावे, कारण या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक डोस किलोमागे दिलेला असतो.

सर्वांत उपयोगी कागद मात्र घरीच तयार होतो, आणि तो म्हणजे रक्तस्रावाची वही. त्यातली नोंद अशी असावी: '१२ जून, सकाळी ७. उजवा गुडघा. मार लागल्याचे आठवत नाही. आधी आतून गरम वाटले, अर्ध्या तासात सूज. वजन २५ किलो, साडेसातला ५०० युनिट. संध्याकाळी पाय निम्मा वाकवता आला. दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली.' नोंदीच्या शेजारी बाटलीवरची बॅच क्रमांकाची चिकटपट्टी लावावी. रक्तस्राव आपोआप झाला की मार लागून, कोणत्या सांध्यात झाला, फॅक्टर घ्यावे लागले की नाही, या तीन गोष्टी प्रत्येक चाचणीत वेगवेगळ्या मोजल्या जातात. वहीत त्या नसतील तर संशोधनातला आकडा आपल्या घराशी जुळवून पाहण्याचा मार्गच राहत नाही.

निदानाविषयीच शंका असेल, विशेषतः मुलीला किंवा बाईला रक्तस्रावाचा त्रास असेल आणि व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचाच दुसरा आनुवंशिक आजार तपासलाच नसेल, तर आधी ते काम पूर्ण करावे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. रक्तस्रावाच्या आजारांच्या तपासण्या आणि त्यामागील जनुकीय दोषांचा अभ्यास ती अनेक वर्षे करत आली आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तिथे विचारणा करता येते.

बातमीपासून मूळ निबंधापर्यंत

बातमीत औषधाचे नाव, चाचणीचे नाव आणि नियतकालिकाचे नाव यांपैकी दोन गोष्टी तरी सापडतात. त्या पबमेड या मोफत शोधयंत्रात इंग्रजीत टाकल्या की मूळ शोधनिबंधाचा सारांश मिळतो. पूर्ण निबंध अनेकदा काही महिन्यांनी मोफत होतो, आणि तोवर उपचार करणाऱ्या केंद्रातील डॉक्टरांकडे त्याची प्रत मागायला संकोच करू नये. बातमीत तिन्ही गोष्टी नसतील आणि केवळ 'परदेशी शास्त्रज्ञांचा शोध' एवढेच असेल, तर तिच्यावर वेळ घालवू नये. सारांश वाचताना सर्वप्रथम एक गोष्ट पाहावी: हे काम माणसांवर झाले आहे की उंदरांवर? त्यानंतर टप्पा पाहावा. पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर मुख्यतः सुरक्षितता आणि डोस तपासतात, दुसऱ्यात परिणामाचा अंदाज घेतात, आणि तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी किंवा उपचार न घेण्याशी तुलना करतात. पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षावरून कोणीही घरचा उपचार बदलू नये.

एकटा निबंध वाचण्यापेक्षा त्याच्या शेजारी जागतिक हिमोफिलिया महासंघाची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे ठेवणे फार फायद्याचे ठरते. ती मोफत उपलब्ध आहेत आणि तज्ज्ञांनी आधीचे सगळे पुरावे तोलून लिहिलेली आहेत. नवा निबंध त्यांच्याशी सुसंगत आहे की वेगळे काही सांगतो, हे पाहिले म्हणजे वाचनाला आधार मिळतो.

चाचणीत कोण होते

प्रत्येक निबंधात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले याची यादी असते. हा भाग रूक्ष वाटतो, पण तो सावकाश वाचावा. वय किती होते? इन्हिबिटर असलेले होते की नसलेले? यकृताचा आजार, हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही असलेल्यांना घेतले होते का? आपला मुलगा ७ वर्षांचा असेल आणि चाचणी १२ वर्षांवरील रुग्णांची असेल, तर तो निष्कर्ष त्याला लागू पडण्याची शक्यता आहे, पण तो त्याच्यासाठी सिद्ध झालेला नाही. लहान मुलांची चाचणी बहुधा वेगळी आणि नंतर होते, म्हणून ती शोधावी. या चाचण्यांत बहुतेक सर्व सहभागी पुरुष असतात. ज्या वाहक (हिमोफिलियाचे सदोष जनुक असलेल्या) स्त्रियांची फॅक्टर पातळी कमी असते आणि ज्यांना पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्त जाते, त्यांच्याविषयी या आकड्यांवरून काहीही म्हणता येत नाही. संशोधनातील ही उणीव गंभीर आहे, आणि रुग्णांच्या संघटनांनी ती सतत मांडत राहिली पाहिजे.

कोणाशी तुलना केली

आता मुख्य मुद्दा. 'इतक्या टक्क्यांनी कमी' या वाक्याला 'कशापेक्षा' हे कळल्याशिवाय अर्थ येत नाही. याचे उत्तम उदाहरण २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या हेवन ३ या चाचणीत आहे. इन्हिबिटर नसलेल्या, १२ वर्षे व त्यावरील १५२ तीव्र हिमोफिलिया ए रुग्णांवर एमिसिझुमॅबची ही चाचणी झाली. त्यांपैकी जे आधी फक्त रक्तस्राव झाल्यावर फॅक्टर घेत असत, त्यांचे तीन गट केले. ३६ जणांना दर आठवड्याला औषध दिले, ३५ जणांना दर दोन आठवड्यांनी दिले, आणि १८ जणांना प्रतिबंधक उपचार, म्हणजे रक्तस्राव होऊच नये म्हणून नियमित द्यायचे औषध, दिला नाही. कोण कोणत्या गटात जाईल हे संशोधकांच्या मर्जीवर सोडले नव्हते, ते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने ठरवले होते. उपचार घ्यावा लागला अशा रक्तस्रावांचा वार्षिक दर पहिल्या गटात १.५, दुसऱ्यात १.३ आणि प्रतिबंधक उपचार नसलेल्या गटात ३८.२ आला. म्हणजे घट ९६ आणि ९७ टक्के. बातम्यांत आला तो हाच आकडा.

त्याच निबंधात चौथा गटही आहे. त्यातील ६३ जण आधीपासून नियमित प्रतिबंधक फॅक्टर ८ घेत होते. त्यांपैकी ४८ जणांच्या आधीच्या रक्तस्रावांची व्यवस्थित नोंद उपलब्ध होती, म्हणून त्यांची स्वतःच्याच पूर्वस्थितीशी तुलना करता आली. त्यांचा वार्षिक दर ४.८ वरून १.५ झाला, म्हणजे घट ६८ टक्के. औषध तेच, निबंध तोच, आणि आकडे ९६ व ६८ असे दोन. दोन्ही खरे आहेत. पहिला सांगतो की प्रतिबंधक उपचार मुळीच नसण्यापेक्षा हे औषध किती चांगले आहे, आणि दुसरा सांगतो की पूर्ण डोसचा नियमित फॅक्टर घेण्यापेक्षा ते किती चांगले आहे.

आपला मुलगा कोणत्या गटाला जवळचा आहे हे वहीवरून ठरवावे. महिन्याला दोन-तीन रक्तस्राव होत असतील आणि सूज आल्यावरच रुग्णालयात धाव घ्यावी लागत असेल, तर पहिली तुलना त्याच्याविषयी बोलते. नियमित फॅक्टर मिळून वर्षाला चार-पाचच रक्तस्राव होत असतील, तर दुसरी. आपल्याकडे मात्र अनेक मुले या दोहोंच्या मधे असतात. त्यांना प्रतिबंधक उपचार मिळतो, पण कमी डोसचा, किंवा पुरवठा होईल तसा. हेवन ३ मधील कोणताही गट तंतोतंत त्यांच्यासारखा नाही. अशा वेळी टक्केवारी बाजूला ठेवून औषध घेणाऱ्यांचा प्रत्यक्ष वार्षिक दर, म्हणजे १.५ च्या आसपासचा आकडा, स्वतःच्या चालू दराशी पडताळून पाहणे अधिक प्रामाणिक ठरते, असे माझे मत आहे.

अशा आकड्याशेजारी कंसात दोन टोके दिलेली असतात, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता आहे त्याची टोके. इन्हिबिटर असलेल्या रुग्णांवरील एमिसिझुमॅबच्याच हेवन १ या २०१७ सालच्या चाचणीत औषध घेणाऱ्या ३५ जणांचा दर २.९ होता आणि त्याची टोके १.७ व ५.० होती. प्रतिबंधक उपचार नसलेल्या १८ जणांचा दर २३.३ होता आणि टोके १२.३ व ४३.९ होती. दोन्ही पट्टे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत, म्हणून फरक खरा आहे याविषयी शंका उरत नाही. दुसरा पट्टा मात्र इतका रुंद आहे की २३.३ हा आकडा अगदी नेमका आहे असे कोणी समजू नये. गट लहान असला की पट्टा रुंद होतो, आणि हिमोफिलिया हा दुर्मीळ आजार असल्याने गट लहानच असतात.

रक्तस्राव मोजला कसा

वार्षिक दर काढण्याची रीत सोपी आहे. जितके रक्तस्राव झाले त्यांना निरीक्षणाच्या दिवसांनी भागायचे आणि ३६५ ने गुणायचे. १२ आठवड्यांत, म्हणजे ८४ दिवसांत, ३ रक्तस्राव झाले तर दर सुमारे १३ येतो. पुढच्या १२ आठवड्यांत एकच झाला तर १६८ दिवसांत ४, म्हणजे दर ८.७. त्याच मुलाचा दर केवळ मोजण्याचा काळ वाढल्यामुळे १३ वरून ८.७ वर आला. यासाठी तीन महिन्यांच्या निरीक्षणावर आधारलेला वार्षिक दर वाचताना सावध राहावे, आणि स्वतःचा दर काढतानाही किमान सहा महिन्यांची वही वापरावी.

'उपचार घ्यावा लागलेले रक्तस्राव' आणि 'सर्व रक्तस्राव' ही दोन वेगळी परिमाणे आहेत. पहिला आकडा नेहमी लहान असतो. सरासरी दिली आहे की मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), हेही पाहावे. निम्म्याहून अधिक सहभागींना एकही रक्तस्राव झाला नसेल तर मध्यक शून्य येतो, आणि उरलेल्यांपैकी एखाद्याला वर्षाला दहा वेळा झाले असले तरी तो शून्यच राहतो. अशा ठिकाणी किती जणांना एकदाही रक्तस्राव झाला नाही हा आकडा अधिक बोलका असतो. हेवन ३ मध्ये आठवड्याला औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणांना उपचार लागेल असा एकही रक्तस्राव झाला नाही. याचा अर्थ उरलेल्या ४४ टक्क्यांना झाला, आणि घरात फॅक्टर ठेवण्याची गरज संपली नाही.

रक्तस्रावांची संख्या म्हणजेच सांध्याचे आरोग्य असे मानणेही अपुरे आहे. २००७ साली अमेरिकेतील ६५ लहान मुलांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना अडीच वर्षांच्या आतच नियमित फॅक्टर ८ सुरू केले होते आणि निम्म्यांना रक्तस्राव झाल्यावर भरपूर डोस दिला होता. सहाव्या वर्षी एमआरआय काढले तेव्हा पहिल्या गटातील ९३ टक्के आणि दुसऱ्या गटातील ५५ टक्के मुलांचे सांधे निरोगी दिसले. काही मुलांच्या ज्या सांध्यांत रक्तस्राव झाल्याची नोंदच नव्हती, त्यांतही झीज आढळली. म्हणून निबंधात सांध्यांची तपासणी, एमआरआय किंवा अल्ट्रासाउंड यांचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि नसेल तर हे औषध 'सांधे वाचवते' असा दावा बातमीतून स्वीकारू नये. सांधे लहान वयातच वाचवावे लागतात. एकदा कूर्चा झिजली की कोणतेही नवे औषध ती परत आणत नाही.

धोक्यांचा भाग शेवटी असतो, तो आधी वाचावा

रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या औषधाचा मुख्य धोका नको तिथे गुठळी होण्याचा असतो. हेवन १ मध्ये एमिसिझुमॅब घेत असताना रक्तस्राव झाला म्हणून काही रुग्णांना सक्रिय प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स या, इन्हिबिटर असताना रक्त गोठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, दुसऱ्या औषधाचे वारंवार डोस दिले गेले. मुख्य विश्लेषणापर्यंत त्यांपैकी दोघांना गुठळीचा आणि दोघांना सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होण्याचा गंभीर त्रास झाला. दिवसाला किलोमागे १०० युनिटहून अधिक डोस एका दिवसापेक्षा जास्त काळ दिला गेल्यावर हे घडले होते. धोका एकट्या औषधाचा नव्हता. तो दोन औषधे एकत्र आल्याचा होता, आणि हे कळल्यावर सूचना बदलल्या गेल्या. यातून घरासाठी थेट धडा निघतो. इन्हिबिटर असलेला रुग्ण एमिसिझुमॅबवर असेल, तर रक्तस्राव झाल्यावर कोणते औषध किती द्यायचे हे आधीच लेखी घेऊन ठेवावे, आणि ते गावातल्या तातडीच्या सेवेच्या डॉक्टरांनाही दाखवता येईल अशा ठिकाणी ठेवावे.

एमिसिझुमॅबमुळे एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी नेहमीची तपासणी फसवी होते. रुग्णाला रक्तस्रावाचा धोका असतानाही अहवाल सामान्य येतो, आणि एपीटीटीवर आधारित फॅक्टर ८ ची पातळी खोटी जास्त दिसते. औषध शरीरातून हळूहळू कमी होते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक महिना लागतो, त्यामुळे बंद केल्यानंतरही सुमारे सहा महिने ही बाब प्रयोगशाळेला, दंतवैद्याला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना सांगावी लागते. असे बारकावे बातमीत नसतात, ते निबंधाच्या किंवा औषधाच्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानांवर सापडतात.

फिट्युसिरान या औषधाची कहाणी वेगळी आहे आणि संशोधन कसे चालते हे समजण्यासाठी महत्त्वाची आहे. ते गोठण रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिन या नैसर्गिक घटकाची निर्मिती कमी करते. २०१७ साली चाचणीतील एका रुग्णाचा मेंदूतील शिरेत गुठळी होऊन मृत्यू झाला आणि औषध देणे थांबवण्यात आले. नंतर रक्तस्रावाच्या वेळी द्यावयाच्या फॅक्टरचे प्रमाण कमी करून चाचणी पुन्हा सुरू झाली, पुढे औषधाचा डोसही बदलला, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. ती मान्यता अँटिथ्रॉम्बिनची पातळी तपासत राहण्याच्या अटीसह आहे. एखादी चाचणी थांबली होती म्हणून ते औषध कायमचे वाईट ठरत नाही, पण ती का थांबली आणि नंतर काय बदलले, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निबंधात 'गंभीर दुष्परिणाम आढळला नाही' असे लिहिले असेल तर एक साधे गणित करावे. ३ या संख्येला सहभागींच्या संख्येने भागावे. १५० जणांत एखादा दुष्परिणाम एकालाही झाला नसेल, तरी प्रत्यक्षात तो शंभरात दोघांपर्यंत होत असण्याची शक्यता शिल्लक राहते. ३० जणांच्या चाचणीत तीच शक्यता शंभरात दहांपर्यंत जाते.

जनुकीय उपचारांचे निबंध

येथे सर्वांत जास्त आशा आणि सर्वांत जास्त गैरसमज आहेत. विषाणूच्या साहाय्याने यकृतात फॅक्टरचे जनुक पोहोचवणाऱ्या उपचारांपैकी हिमोफिलिया बी साठीच्या एट्रानाकोजीन डेझापार्व्होवेक या उपचाराला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत ३५ लाख डॉलर ठरली. चाचणीतील ५४ पुरुषांचा वार्षिक रक्तस्राव दर ४.१९ वरून १.५१ झाला. हिमोफिलिया ए साठीच्या व्हॅलोक्टोकोजीन रोक्सापार्व्होवेकची चाचणी १३४ पुरुषांवर झाली. रक्तस्राव खूप कमी झाले, पण यकृतावर ताण आल्याचे दाखवणारे एएलटी हे विकर बहुसंख्य सहभागींमध्ये वाढले, अनेकांना स्टिरॉइड घ्यावी लागली, आणि फॅक्टर ८ ची पातळी पुढील वर्षांत उतरत गेली. म्हणून जनुकीय उपचाराचा निबंध वाचताना पहिल्या वर्षाचा आलेख पुरेसा मानू नये. त्याच चाचणीचा दुसऱ्या, तिसऱ्या आणि पुढच्या वर्षांचा अहवाल शोधावा. या प्रकारचा विषाणू एकदा दिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तोच उपचार पुन्हा देता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. व्यापारी बाजूही दुर्लक्षू नये. फायझर कंपनीच्या हिमोफिलिया बी वरील जनुकीय उपचाराला अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने तो थांबवत असल्याचे जाहीर केले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील काम भारतीय रुग्णांच्या दृष्टीने विशेष आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच प्रौढांच्या रक्ताच्या मूळपेशी काढून त्यांत लेंटिव्हायरस या प्रकारच्या विषाणूद्वारे फॅक्टर ८ चे जनुक घातले आणि त्या पेशी परत दिल्या. पाचही जणांना त्यानंतरच्या निरीक्षणकाळात एकही रक्तस्राव झाला नाही. निरीक्षणाचा काळ ८१ महिने असा दिलेला आहे, पण ती पाचही जणांच्या महिन्यांची बेरीज आहे. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १६ महिने येतात. पेशी परत देण्याआधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते, तिचे स्वतःचे धोके असतात आणि प्रजननक्षमतेचा प्रश्न आधी डॉक्टरांशी बोलावा लागतो. हे काम आपल्या देशात झाले याचा अभिमान जरूर वाटावा, तरीही ती पहिल्या टप्प्यातील पाच जणांची चाचणी आहे हे विसरू नये.

खर्च कोणी केला

निबंधाच्या शेवटी अर्थसाहाय्याची नोंद असते. औषध कंपनीचे साहाय्य असणे म्हणजे निष्कर्ष खोटा असणे नव्हे. नव्या औषधाची मोठी चाचणी त्याशिवाय सहसा होत नाही. २०१६ सालच्या सिप्पेट या चाचणीत भारतासह १४ देशांतील २५१ लहान मुलांचा अभ्यास झाला आणि प्लाझ्मापासून बनवलेल्या फॅक्टर ८ वर २६.८ टक्के, तर प्रयोगशाळेत तयार केलेल्या फॅक्टर ८ वर ४४.५ टक्के मुलांत इन्हिबिटर तयार झाले असे आढळले. या अभ्यासाला प्लाझ्मा उत्पादने बनवणाऱ्या काही कंपन्यांचेही साहाय्य होते. तरी मुलांची विभागणी यादृच्छिक होती, म्हणून निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा लागतो. कोणाचे साहाय्य आहे यापेक्षा चाचणीची रचना कशी आहे याला अधिक वजन द्यावे.

चाचणीत सहभागी होण्याचे विचारले गेले तर

आधी सीटीआरआय म्हणजे भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतील क्रमांक मागावा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासावा. पहिला सहभागी घेण्याआधी नोंदणी करणे बंधनकारक आहे. क्रमांक मिळत नसेल तर तिथेच थांबावे. एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीची, मंजुरी आणि तिच्या सदस्य सचिवांचा संपर्क माहितीपत्रकात असला पाहिजे. माहितीपत्रक आणि संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे हवे असल्यास मराठीत, मिळणे हा आपला हक्क आहे. ते घरी न्यावे, दोन दिवस ठेवावे, घरातील दुसऱ्या व्यक्तीला वाचायला द्यावे, आणि सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवावी. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी संमती पालकांच्या सहीसोबतच वेगळी घ्यायची असते. मूल नको म्हणत असेल तर त्याचे ऐकावे.

संमतिपत्रात पुढील गोष्टी शोधाव्यात आणि न सापडल्यास विचाराव्यात. चाचणी सुरू होण्याआधी चालू फॅक्टर काही काळ बंद ठेवावा लागणार आहे का, आणि तेवढ्यात रक्तस्राव झाला तर फॅक्टर कोण देणार? प्रतिबंधक उपचार न मिळणारा गट आहे का, आणि मूल त्यात गेले तर किती आठवडे तसेच राहील? किती वेळा रक्त घेणार, प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च मिळणार का? २०१९ च्या नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चाचणीदरम्यान इजा झाल्यास आवश्यक तेवढा काळ, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत, मोफत वैद्यकीय उपचार मिळतात, आणि चाचणीमुळे इजा झाली असेल तर भरपाईची तरतूद आहे. कधीही कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

सर्वांत कमी विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत गरजेचा प्रश्न हा आहे: चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का? नियमांत अशी तरतूद आहे की संशोधकाने शिफारस केली, एथिक्स कमिटीने ती मान्य केली, रुग्णाला फायदा झालेला असला आणि दुसरा पर्यायी उपचार नसला, तर औषध पुढे मोफत देता येते. ते आपोआप मिळत नाही. एका वर्षाच्या चाचणीत रक्तस्राव थांबलेल्या मुलाला तेराव्या महिन्यात पुन्हा जुन्या स्थितीत परत जावे लागू नये, म्हणून याचे उत्तर सही करण्याआधी लेखी घ्यावे.

डॉक्टरांच्या भेटीला जाताना निबंधाचा सारांश, गेल्या सहा महिन्यांची वही, त्यावरून काढलेला वार्षिक दर आणि प्रश्नांचा एक कागद सोबत न्यावा. पहिला प्रश्न असा असावा: 'या चाचणीतील कोणता गट आमच्या मुलासारखा आहे?' मिळालेली उत्तरे तारीख घालून त्याच कागदावर लिहावीत आणि कागद फाइलमध्ये लावावा, कारण त्या चाचणीचा पुढचा अहवाल वर्ष-दोन वर्षांनी येईल तेव्हा तो याच उत्तरांशी ताडून पाहायचा असतो.